तीन काट्यांची पिन: एका ग्रीनर पोलिस गनचं प्रकरण

इंग्लिश बंदुका जमवणारा म्हटलं की लोकांना लंडनच्या दुनळ्याच आठवतात, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, चांदीसारखं चकाकणारं नक्षीकाम आणि घराच्या किमतीला टक्कर देणारे आकडे. एकनळी जमवणाऱ्यांची जमात वेगळी आहे. ही बंदूक साहेबाची कधी नव्हतीच, ती गेमकीपरची म्हणजे जमीनदाराच्या शिकारीची राखण करणाऱ्याची, शेतकऱ्याची, नाहीतर साहेबाच्या पोराला पहिल्यांदा हातात द्यायची, त्यामुळे तिच्याकडे बरीच वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि नेमकं त्यामुळेच तिच्यातले विचित्र, कमी बनलेले प्रकार अजूनही साध्या नोकरदार माणसाच्या खिशाला झेपतात. आमचा एक मित्र, मूळ कोल्हापूरकडचा, आता वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो, त्याला याच प्रकारांचा नाद आहे. हे प्रकरण त्याचं आहे, मी फक्त फोनवरून सल्ले देणारा आणि फोटो झूम करून बघणारा.

त्याच्यासमोर एक जाहिरात आली. ग्रीनर पोलिस गन, मार्क ३, १४ बोर (बोर म्हणजे नळीच्या मापाचा आकडा, आकडा मोठा तशी नळी बारीक), जुनं काडतूस बंद पडलेलं, म्हणून ॲंटिक, लायसन्स लागत नाही. किंमत चढी होती पण अवाजवी नव्हती. फोटो तीन, त्यात एक दस्त्याचा, एक नळीच्या तोंडाचा आणि एक ॲक्शनचा, म्हणजे काडतूस भरायच्या-उडवायच्या यंत्रणेचा, बाजूने, ज्यावर अरबी अक्षरं स्पष्ट दिसत होती. याने मला फोटो टाकले आणि खाली एवढंच लिहिलं, "भावा, घेऊन टाकू का?"

आता ही बंदूक काय आहे ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा मागे जातो.

ग्रीनर हे बर्मिंगहॅमचं घराणं. विल्यम ग्रीनरने १८२९ मध्ये न्यूकॅसलला धंदा सुरू केला आणि १८४४ मध्ये बर्मिंगहॅमला आला, पुढे त्याच्या मुलाने, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने नाव जगभर नेलं. पहिल्या महायुद्धानंतर या कंपनीने एक साधी, दणकट एकनळी काढली, नाव जीपी, म्हंजे जनरल पर्पज. आत मार्टिनीची ॲक्शन, तीच जी मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये होती आणि जी ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये घेतली होती. खालची लिव्हर दाबली की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, रिकामं काडतूस मागे फेकलं जातं, वरच्या खाचेतून नवं सरकवायचं, लिव्हर वर घेतली की बंदूक भरलेली आणि आतला घोडा चढलेला. बाहेर घोडा नाही, मध्ये मोडणारा सांधा नाही, म्हणून चिखल, पाऊस, आपटाआपटी सगळं सहन करते. इंग्लंडच्या शेतांवर कावळे-ससे मारायला ही बंदूक इतकी चालली की आजही जुन्या कोठारांतून निघत असते, आणि जीपीला कलेक्टर लोक दुर्मिळ वगैरे म्हणत नाहीत.

पोलिस गन हे तिचंच भावंड, पण त्यामागचं डोकं पूर्ण वेगळं. इजिप्तमध्ये तेव्हा ब्रिटिशांचा वरचष्मा होता. १९१४ पासून संरक्षित प्रदेश, १९२२ मध्ये कागदावर स्वातंत्र्य पण फौज तिथेच. गावोगाव राखण करायला गफीर असायचे, आपल्याकडे जागल्या असायचा तसे. त्यांना बंदूक तर द्यायची होती, पण भीती ही की आज जागल्याच्या हातातली बंदूक उद्या दरोडेखोराच्या नाहीतर बंडवाल्याच्या हातात जाईल. मग ग्रीनरने सुचवलेला उपाय असा की बंदूक चोरली तरी चालेल, तिला लागणारं काडतूस बाजारात कुठेच मिळता कामा नये. १२ बोर सगळीकडे मिळायचं, १६ बोरही मिळायचं, १४ बोर मात्र जवळजवळ कुणी वापरत नव्हतं. म्हणून १४ बोर.

पण चोर पण काय कमी नव्हते. १६ बोरचं काडतूस १४ पेक्षा बारीक, त्याच्याभोवती कागद किंवा पट्टी गुंडाळली की ते सुरुवातीच्या १४ बोर बंदुकीत बसायचं आणि उडायचंसुद्धा. हे लक्षात आल्यावर मार्क ३ आला आणि त्यात दोन कुलपं एकावर एक लावली. पहिलं, काडतूसच बाटलीच्या आकाराचं केलं, मागे जाड आणि पुढे मान बारीक, म्हणजे सरळ १२ बोरचं पुढे अडकणार आणि १६ गुंडाळून बसवायचं म्हटलं तरी जमणार नाही. दुसरं कुलूप मला जास्त आवडतं. फायरिंग पिन एका टोकाची न ठेवता त्रिशूळासारखी तीन काट्यांची केली. मधला काटा प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर आपटणार, बाजूचे दोन त्याच्यापुढे. सरकारी काडतुसाच्या बुडाला प्रायमरभोवती गोल खाच कोरलेली, त्यात बाजूचे दोन काटे शिरतात आणि मगच मधला प्रायमरपर्यंत पोचतो. साधं काडतूस कसंबसं आत कोंबलं तरी त्याचं बूड सपाट, बाजूचे काटे त्यावरच अडतात, मधला पोचतच नाही. चाप ओढला तरी नुसता टक आवाज. शंभर वर्षांपूर्वी लोखंडात केलेला हा पासवर्डच म्हणायचा.

हे असलं अविश्वासाचं इंजिनिअरिंग इजिप्तपुरतंच होतं असं नाही, आपल्याला त्याची चांगली ओळख आहे. १८५७ नंतर देशी पलटणींना रायफल काढून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, नंतर गोऱ्या फौजेकडे मार्टिनी-हेन्री आल्या तेव्हा देशी फौजेकडे मागच्या पिढीतल्या स्नायडर. आणि पुढे बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात .३०३ ली-एनफील्डच्या नळ्या बदलून त्या .४१० च्या मस्केट केल्या, पोलिस आणि पहारेकऱ्यांसाठी, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकून, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरता येणार. या इशापूरच्या मस्केटीसुद्धा आज इंग्लंड-कॅनडातले लोक जमवतात, आणि त्यांचंही हेच झालंय, बऱ्याच लोकांनी बाजारात मिळणारं साधं .४१० काडतूस बसावं म्हणून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, वाढवून घेतलेलं. आमच्या मित्राकडे अशी एक आहे, चेंबर वाढवलेलीच, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली.

तर मुद्दा हा. मार्क ३ पोलिस गनमध्ये दुर्मिळ काय आहे? अरबी अक्षरं नाहीत, नळीखालचा लांब लाकडी हातधरही नाही, ते सगळं लांबून दिसतं आणि फोटोत छान येतं. तिची खरी किंमत दोन ठिकाणी आहे, चेंबरच्या आकारात आणि त्या पिनीत. आणि नेमक्या याच दोन जागी लोकांनी हात घातलाय, कारण पोलिसांनी या बंदुका काढून टाकल्यावर त्या सरप्लस म्हणून बाजारात आल्या, काडतूस तर कुठेच नाही, मग ज्याला ती उडवायची होती त्याने चेंबर सरळ १२ बोरचं कापून घेतलं आणि पिनीचे बाजूचे काटे उडवून टाकले. बाहेरून बंदूक तशीच्या तशी. जाहिरातीत ती मार्क ३ च म्हणून येणार, आणि विकणारा खोटं बोलतोय असंही नाही, त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं, सासऱ्याच्या माळ्यावरून निघालेली असते.

म्हणून मी मित्राला म्हटलं, लेका पैसे नंतर, आधी दोन फोटो माग. एक लिव्हर खाली दाबून, टॉर्च मारून, आतल्या ठोकळ्याच्या तोंडाचा. आणि दुसरा हातधर काढून नळीच्या खालच्या बाजूचा, जिथे प्रूफच्या खुणा असतात.

प्रूफच्या खुणा म्हंजे बंदुकीची जन्मपत्रिका. लंडनला गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने उभं राहिलं, आणि इंग्लंडात विकली जाणारी प्रत्येक नळी जास्तीच्या दारूने उडवून तपासून तिच्यावर शिक्के मारायचे हा तेव्हापासूनचा रिवाज आणि कायदाही. १९०४ ते १९५४ च्या काळात बर्मिंगहॅमचे शिक्के म्हणजे मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि नायट्रो पावडरसाठी एनपी. त्याच्यासोबत बोरचा आकडा असतो. शिवाय १९२१ पासून बर्मिंगहॅमवाले एक बारीकशी गोल खूण मारायला लागले ज्यात वर्षाचं अक्षर असतं, १९२१ ला ए आणि तिथून पुढे. ही खूण इतकी लहान की बऱ्याच लोकांना ती ओरखडाच वाटते.

वर्ष कशाला हवं? कारण इथे कायदा येतो, आणि इंग्लंडातल्या कलेक्टरचा अर्धा जीव यातच जातो. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८ खाली ॲंटिक बंदूक केवळ शोभेची किंवा संग्रहाची वस्तू म्हणून ठेवली तर सर्टिफिकेट लागत नाही. पण ॲंटिक म्हणजे काय हे बरीच वर्षं सरकारी मार्गदर्शनावर चालत होतं, २०२१ मध्ये त्याचे नियमच झाले, २२ मार्चपासून लागू. बंदूक १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेली पाहिजे आणि तिचं काडतूस बंद पडलेल्या काडतुसांच्या यादीतलं पाहिजे. १४ बोर त्या यादीत आहे. १२ बोर अर्थातच नाही. म्हणजे तीच बंदूक, तोच दस्ता, तीच अरबी अक्षरं, पण चेंबर १२ चं कापलं की ती साधी शॉटगन झाली आणि कलम २ खाली पोलिसांकडून घेतलेलं शॉटगन सर्टिफिकेट नसताना घरात ठेवणं गुन्हा. जाहिरात वाचून लायसन्सशिवाय घेणारा माणूस काही कळायच्या आत अडकू शकतो, आणि विकणाराही. मित्राकडे सर्टिफिकेट आहे, पाच वर्षांचं असतं ते, त्यामुळे त्याला तेवढी धास्ती नव्हती, पण तो ॲंटिक म्हणून घेणार आणि पोलिसांना कळवणार नाही, मग पुढच्या तपासणीत कपाटात एक जास्तीची १२ बोर सापडणार, असा घोळ होऊ शकला असता.

विकणाऱ्याने फोटो पाठवायला थोडे आढेवेढे घेतले. वयस्कर गृहस्थ, त्यांना हातधर काढायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. शेवटी मित्र म्हणाला, मीच येऊन बघतो, दोन तासांचा तर ड्राइव्ह आहे. माझ्या मते असल्या व्यवहारात प्रत्यक्ष जाणं हाच एक खरा उपाय, फोटोवरून बंदूक घेणारा माणूस म्हंजे...जाऊ दे.

गेला तो. जाताना छोटा टॉर्च, भिंग, आणि आतला व्यास मोजायचं कॅलिपर. व्हिडिओ कॉल लावला होता त्यामुळे मीही बघत होतो.

लिव्हर खाली केली, टॉर्च मारला. ठोकळ्याच्या तोंडावर भोकं तीन, आडव्या रेषेत. हे बघून दोघंही खूश झालो, मार्क ३ तर आहे. मग त्याने भिंग धरलं. मधल्या भोकात पिनीचं टोक गोल, चकचकीत, वापरलेलं. बाजूच्या दोन भोकांत आत खोलवर काहीतरी दिसत होतं, पण त्याची टोकं सपाट होती, आणि त्या सपाट टोकांवर बारीक समांतर रेघा. कानशीचे व्रण. बाजूचे दोन्ही काटे घासून आखूड केलेले, तेही घाईघाईत, एक दुसऱ्यापेक्षा किंचित लांब राहिलेला. कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी व्हाइसमध्ये पिन धरून पाच मिनिटांत हे केलं असणार, आणि त्या पाच मिनिटांत त्या बंदुकीची अर्धी गोष्ट पुसून टाकली.

चेंबरही तसंच निघालं. मूळ मार्क ३ मध्ये टॉर्च मारला की आत एक उतार दिसायला हवा, जाड भागातून बारीक मानेत जाणारा. इथे सरळ नळकांडं आणि त्याच्या शेवटी एक तीक्ष्ण, चमकणारी कड, चेंबर कापणारा रीमर जिथे थांबला तिथे. पुढे नळी मोजली तर ०.६९ इंचाच्या आसपास, म्हणजे १४ बोरचीच, १४ बोरचा व्यास ०.६९३ असतो. १२ बोर असतो ०.७२९. म्हणजे मागे बाराचं चेंबर आणि पुढे चौदाची नळी, मधे नळी एकदम जवळजवळ एक मिलीमीटरने आवळलेली. १२ बोरचं काडतूस उडवलं की पूर्ण छर्रा आणि वॅड, म्हणजे छर्र्यामागचा बोळा, त्या आवळलेल्या तोंडातून जबरदस्तीने जाणार आणि दाब चेंबरमध्ये चढणार. मार्टिनीची ॲक्शन दणकट म्हणून इतकी वर्षं काही झालं नसेल, पण त्या भरवशावर मी तरी ती गालाला लावणार नाही.

मग हातधर काढला, खुणा बघितल्या. मुकुट, बीव्ही, बीपी, एनपी, १४ चा आकडा, आणि ती बारीक गोल खूण, अक्षर झिजलेलं पण वाचता येणारं, १९३९ च्या आतलं. म्हणजे वयाने ॲंटिक बसली असती. पण १२ बोरचं चेंबर केल्यावर पुन्हा प्रूफला पाठवायला हवी होती आणि त्याचा एकही शिक्का नव्हता. १८६८, १९५० आणि १९७८ च्या प्रूफच्या कायद्यांखाली अशी प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणं, विकायला ठेवणंसुद्धा चालत नाही. थोडक्यात ही बंदूक चौदाची राहिली नव्हती आणि कायदेशीर बाराची झालीच नव्हती.

आता करायचं काय, हे त्याच्यासमोर होतं. मित्राने तिथल्या तिथे सांगून टाकलं, आणि इथे त्याचं कौतुक वाटतं, कारण तो गप्प बसून किंमत पाडून घेऊ शकला असता. म्हातारबुवा आधी चिडले. त्यांच्या मते ही त्यांच्या मामांनी साठच्या दशकात १४ बोर म्हणूनच आणली होती. मित्राने भिंग त्यांच्या हातात दिलं, टॉर्च धरला आणि कानशीचे व्रण दाखवले. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले की मामा खरंच कावळे मारायला ती वापरायचे, आणि काडतुसं निळ्या डब्यातून यायची. चौदाची काडतुसं तर कुठे मिळतच नव्हती, मग अर्थातच बाराचीच असणार.

त्यानंतर मित्राने तीन पर्याय चाचपले, मला फोनवर विचारत विचारत. पहिला, आहे तशी सर्टिफिकेटवर घ्यायची आणि कधीच उडवायची नाही, नमुना म्हणून. पण प्रूफचा प्रश्न तसाच राहतो, खासगी व्यवहारातही. दुसरा, मूळ अवस्थेत आणायची. पिन एखादा चांगला गनस्मिथ नवीन करून देईल, ते अवघड नाही, तीन काटे लेथ आणि कानशीवर होतात. पण चेंबरमधून निघून गेलेलं लोखंड परत येत नाही, आत बुशिंग म्हणजे नवी पुंगळी बसवून पुन्हा बाटलीचा आकार द्यावा लागेल, आणि तेवढं करून ती मूळ मार्क ३ होणार का? कलेक्टर म्हणेल नाही, आणि कायद्याच्या नजरेत पुन्हा ॲंटिक ठरेल यावर मी तरी पैसे लावले नसते. तिसरा पर्याय, सोडून द्यायची.

मी सोड म्हणालो. तो थोडा हळहळला, कारण मार्क ३ हातात धरल्यावर सोडवत नाही हे खरंय, तिचं वजन, ती लिव्हर बसतानाचा खट्ट आवाज, सगळं मस्त. पण एकनळीच्या संग्रहात माझं एक मत पक्कं आहे, कमी बनलेल्या प्रकारात ज्या भागामुळे ती बंदूक वेगळी ठरते तो भाग मूळ नसेल तर बाकी सगळं चकाचक असून उपयोग नाही. साध्या जीपीचा दस्ता बदललेला चालेल, पुन्हा ब्लू केलेली नळीही चालेल, ती वापरायचीच वस्तू आहे. पोलिस गनची पिन बदललेली नाही चालणार. लोक उलटं करतात, लाकडाचे ओरखडे बघत बसतात आणि आत टॉर्च मारत नाहीत.

बाकी व्यवहार असा संपला की त्या गृहस्थांनी जाहिरात काढली, आणि मित्राने सांगितल्याप्रमाणे जवळच्या एका परवानाधारक डीलरला फोन करून सगळं खरं सांगितलं, बंदूक त्यांच्या ताब्यात गेली. पुढे ती निकामी करून भिंतीवर लावायला कुणीतरी घेतली असं कळलं. मला ते पटलं, निदान कुणी त्यातून बाराचं काडतूस उडवणार नाही.

कोल्हापूरहून त्याच्या धाकट्या भावाचा मेसेज आला होता, दादा एखादी जुनी ग्रीनर इकडे आण की. त्याला समजावून सांगावं लागलं की भारतात खासगी माणसाला बंदूक बाहेरून आणणं जवळपास अशक्य, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, घरच्या जुन्या एकनळीचं नूतनीकरण वेळेवर कर तेवढं पुरे.

त्याच महिन्यात मित्राने एक साधी १२ बोर जीपी घेतली, फुल चोक म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीची, दस्त्याला कुण्या शेतकऱ्याने तांब्याच्या पट्टीने दुरुस्ती केलेली, ॲक्शनवर ग्रीनरचा हत्ती अजून नीट दिसतो. रविवारी क्लेवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायला नेतो, हलकं काडतूस वापरतो, आणि एकनळी म्हणून दुसरी गोळी नाही, त्यामुळे क्लबवाले हसतात आणि तो पण हसतो. मार्क ३ चा शोध चालूच आहे. परवा पुन्हा एक दिसली, नेहमीप्रमाणे अरबी अक्षरांचा मोठा फोटो आणि ठोकळ्याचा एकही नाही. त्याने लिव्हर खाली करून फोटो मागितलाय, अजून उत्तर नाही.